प्रथिन ग्राहीला ‘बांधते’ की ग्राही प्रथिनाला धरतो?

प्रश्न असा आला आहे: पेशीपटलावरची प्रथिने, म्हणजे ग्राही (रिसेप्टर), रक्तातल्या प्रथिनांशी जुळतात, त्या क्रियेला ‘बाइंड’ म्हणतात. मग रक्तात लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाबद्दल ‘ट्रान्सफेरिन ग्राहीला बांधते’ हे मराठी बरोबर का?

नाही. ‘बांधणे’ सकर्मक आहे. ‘गाय खुंट्याला बांधते’ म्हटले की कोणीतरी गाय बांधते आहे, खुंटा ही फक्त जागा. वरचे वाक्य वाचणारा त्यामुळे थांबतो: ट्रान्सफेरिन काय बांधते? की ग्राहीलाच बांधून टाकते? ‘संयोग पावते’ तर त्याहून चुकीचे. त्यात दोहोंचा मिळून नवा पदार्थ झाल्याचा भास होतो. इथे दोन्ही प्रथिने आपापली शाबूत राहतात, फक्त काही काळ एकमेकांत बसतात.

मी ‘धरणे’ वापरतो. एक तर ‘ग्राही’ हा शब्दच ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे या धातूवरून आला आहे. (कृपया ‘ग्राहक’ लिहू नका, तो दुकानातला.) दुसरे आणि महत्त्वाचे कारण म्हणजे ‘धरणे’ला ‘सोडणे’ ही हक्काची जोडी आहे, आणि सगळी गंमत सोडण्यात आहे. ट्रान्सफेरिनच्या एका रेणूवर लोहाचे जास्तीत जास्त दोन अणू असतात. रक्ताच्या पीएच ७.४ला ग्राही लोह भरलेल्या ट्रान्सफेरिनला घट्ट धरतो. मग पटलाचा तेवढा भाग खळगा होऊन आत जातो. आतल्या पिशवीत पीएच साधारण ५.५पर्यंत उतरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि लोह सुटते. रिकामे ट्रान्सफेरिन मात्र ग्राहीने धरलेलेच असते. दोघे पृष्ठभागावर परतले, पुन्हा ७.४ लागला, की ग्राही त्याला सोडतो. हे ‘बांधणे’ वापरून लिहून पाहा, ‘उलट-बांधले जाते’सारखे काहीतरी लिहावे लागेल.

‘चिकटणे’ वेगळे ठेवावे. रक्तपट्टिका (प्लेटलेट) फाटलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, एकमेकींना धरून त्यांचा गुच्छ होतो आणि रक्त गोठते ते फायब्रिन या धागेदार प्रथिनाच्या जाळ्याने. तीन क्रिया, तीन क्रियापदे. गुच्छ होतो तो फायब्रिनोजेन या प्रथिनामुळे: त्याचे एक टोक एका पट्टिकेच्या ग्राहीत, दुसरे दुसरीच्या. रक्तद्रवात ते लिटरला २ ते ४ ग्रॅम असते आणि एका पट्टिकेवर त्याचे सुमारे ८० हजार ग्राही असतात. तरी रक्तात एरवी गुच्छ होत नाहीत, कारण पट्टिका उद्दीपित होईपर्यंत ग्राही वाकून मिटलेला असतो. म्हणून ‘ग्राही फायब्रिनोजेनला धरतो’ एवढेच लिहू नये. ‘उघडलेला ग्राही’ लिहावे.

‘गुच्छ’ आणि ‘गुठळी’ (गोठलेले रक्त) यांची अदलाबदलही टाळावी. ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन घातलेल्या नळीत काहींच्या रक्तातली प्रतिपिंडे याच ग्राहीला धरतात, पट्टिकांचे गुच्छ होतात आणि यंत्र ते पट्टिका म्हणून मोजत नाही. आकडा खोटाच कमी येतो. काचपट्टीवर गुच्छ दिसले तर सायट्रेट या तशाच दुसऱ्या रसायनाच्या नळीत नमुना पुन्हा घेतात आणि तिथल्या द्रवाने रक्त पातळ होते म्हणून येणाऱ्या आकड्याला १.१ने गुणतात. अहवालाच्या भाषांतरात इथे ‘गुठळ्या आढळल्या’ असे लिहिले, तर रुग्ण भलत्याच आजाराच्या धास्तीने हवालदिल होईल.