हापूसची कोय लावण्याआधी

खानापूरकडे आमराई लावणार म्हणतोस, तर ऐक बाळा: बागेसाठी हापूसच्या कोयी पुरू नकोस. गोड फळाची कोय तसंच फळ देईल, या भरवशावर वर्षं जातील.

कारण मोहोरात आहे. आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रं, म्हणजे २० जोड्या. परागकण आणि बीजांड तयार होताना अर्धसूत्री विभाजन होतं, म्हणजे प्रत्येक जोडीतलं एकेकच गुणसूत्र पुढे जातं. आधी जोडीतली गुणसूत्रं एकमेकांना बिलगून तुकड्यांची अदलाबदल करतात. मग जोडीतलं कुठलं कुठल्या बाजूला जाणार, हे प्रत्येक जोडीचं वेगळं ठरतं. नुसत्या या वाटणीतूनच १०,४८,५७६ प्रकार होऊ शकतात! त्यात पराग बऱ्याचदा शेजारच्या रायवळाचा, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याचा. मग कोयीत हापूस जसाच्या तसा उरेल कसा?

कलमाच्या फांदीत हे घडत नाही. ती साध्या विभाजनानं, गुणसूत्रांची जशीच्या तशी नक्कल करत वाढते, म्हणून मूळ झाडाचेच गुण पुढे चालतात. रायवळाची कोय खुंटासाठी, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपासाठी घे, वर हापूसची काडी बांध.

तरी कुंपणाकडेला थोड्या कोयी जरूर टाक. आंब्याच्या कितीतरी जाती अशाच कोयीच्या झाडांतून निवडल्या गेल्यात. फळ चाखल्याशिवाय त्यांतलं एकही तोडू नकोस.