पाच जाड पुस्तकं घेतलीस, पण कंपनी कुठंय?

तुझं पत्र वाचलं. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे, गणित चांगलंय, अकाउंटिंग कधी शिकला नाहीस, इक्विटी रिसर्चमध्ये, म्हणजे शेअर्सचा अभ्यास करून ते घ्यावेत की नाही हे सांगण्याच्या कामात जायचंय, आणि सिनिअरने दिलेल्या यादीवरून व्हॅल्युएशनची, म्हणजे कंपनीची किंमत काढण्याची, पाच जाडजूड पुस्तकं जमवलीयस. त्यातल्या पहिल्याची शे-दीडशे पानं झाली आणि गाडी अडली. आता तुझे तीन प्रश्न आहेत, आधी कुठलं वाचू, सगळी वाचून झाल्यावरच अर्ज करू का, आणि परीक्षा न देता नुसत्या पुस्तकांवर नोकरी लागेल का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते छोटं आहे. नाही. सगळी वाचून झाल्यावर असं काही नसतं, या धंद्यात वीस वर्षं काढलेली माणसंसुद्धा ही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचत नाहीत, अडलं की उघडतात.

आता तू अडलास कुठे ते बघू. तू लिहिलंयस की डिस्काउंटिंगचं, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढण्याचं, गणित समजतं पण "फ्री कॅश फ्लो (धंद्याचा खर्च आणि गुंतवणूक भागवून उरणारे पैसे) कुठून आला तेच कळत नाही". म्हणजे अडचण व्हॅल्युएशनची नाहीच, अकाउंटिंगची आहे. इंजिनिअर मुलांचं हे हमखास होतं, फॉर्म्युला दिसला की बरं वाटतं आणि बॅलन्स शीट आली की पान उलटतात. तेव्हा पाचही पुस्तकं महिनाभर कपाटात ठेव आणि अकाउंटिंगचं कुठलंही साधं पाठ्यपुस्तक घे, कॉमर्सवाल्या मित्राचं जुनं चालेल. नफा-तोटा, बॅलन्स शीट आणि कॅश फ्लो ही तीन पत्रकं एकमेकांना कुठे जोडलेली असतात एवढं पक्कं कर. घसारा वाढला तर तिन्हीकडे काय होतं, उधारीवर माल विकला तर नफा दिसतो पण पैसे का नसतात, हे तोंडी सांगता आलं पाहिजे. इंटरव्ह्यूत पहिल्या दहा मिनिटांत हेच विचारतात, डीसीएफ, म्हणजे पुढचे कॅश फ्लो डिस्काउंट करून किंमत काढणं, ते नंतर.

मग पुस्तकं. तुझ्या यादीत ग्रॅहम आणि डॉड यांचं सिक्युरिटी अॅनालिसिस पहिलं आहे आणि तू तिथूनच सुरुवात केलीस. मान आहे त्या पुस्तकाला, १९२९ च्या पडझडीनंतर पाच वर्षांनी, १९३४ मध्ये आलं, आणि बाजारातला भाव वेगळा व कंपनीची किंमत वेगळी हा विचार त्याने पक्का रुजवला. पण त्यात रेल्वे कंपन्यांचे बाँड (कर्जरोखे) आणि प्रेफरन्स शेअर (ज्यांना लाभांश आधी मिळतो) यांची पानंच्या पानं आहेत, नवख्या माणसाला त्यातून आजच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे कसं यायचं ते समजणार नाही. ते नंतर वाच, नोकरी लागल्यावर वाचलंस तर जास्त मजा येईल. ग्रॅहमची चव आत्ताच घ्यायची असेल तर द इंटेलिजंट इन्व्हेस्टर मधलं मार्जिन ऑफ सेफ्टीचं (किमतीपेक्षा बऱ्याच कमी भावात घेण्याचं) शेवटचं प्रकरण वाच आणि पुढे चल.

सुरुवात दामोदरनपासून कर. अश्वथ दामोदरन न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या स्टर्न स्कूलमध्ये शिकवतात आणि त्यांची लेक्चर्स, एक्सेल शीट्स, इंडस्ट्रीनुसार डेटा असं सगळं त्यांच्या साइटवर फुकट आहे. डेटा दर जानेवारीत अपडेट होतो. द लिटल बुक ऑफ व्हॅल्युएशन हे त्यांचं छोटं पुस्तक आधी, आणि इन्व्हेस्टमेंट व्हॅल्युएशन हा ठोकळा शेजारी ठेवायचा, लागेल ते प्रकरण उघडायचं. एक सांगून ठेवतो, त्यांची शीट डाउनलोड करून त्यात आकडे भरले म्हणजे व्हॅल्युएशन आलं असं नाही. रिकाम्या शीटवर स्वतः मांडायचं, उत्तर त्यांच्या शीटशी ताडून बघायचं.

त्याच्यानंतर मॅकिन्झीवाल्यांचं व्हॅल्युएशन, पहिली आवृत्ती १९९० ची. त्यातला एक मुद्दा तुझ्या डोक्यात बसला तर पुस्तकाचे पैसे वसूल. वाढ म्हणजे चांगलंच असं नसतं. समज भांडवलाचा खर्च, म्हणजे पैसे लावणाऱ्यांना किमान हवा असलेला परतावा, १० टक्के आहे आणि कंपनी नवीन १०० गुंतवून दरवर्षी कायमचे ८ कमावते, तर त्या १०० ची किंमत ८ भागिले ०.१०, म्हणजे ८० झाली. जितकी जोरात वाढेल तितकं नुकसान. विक्री दुप्पट झाली म्हणून बातमीत टाळ्या पडतात आणि इकडे मालकांचे पैसे आटत असतात.

आता कामाची गोष्ट, आणि माझ्या मते तुझ्या पाचही पुस्तकांपेक्षा ही जास्त महत्त्वाची. एक कंपनी धर. एकच. तिचे मागच्या दहा वर्षांचे अॅन्युअल रिपोर्ट उतरवून घे आणि पुस्तकाचं जे प्रकरण वाचशील ते त्याच आठवड्यात त्या कंपनीवर करून बघ. पुस्तकात सगळे आकडे स्वच्छ असतात, रिपोर्टमध्ये नसतात, आणि नोकरीत तुला त्या अस्वच्छ आकड्यांचेच पैसे मिळणार आहेत. नफा वाढतोय पण ऑपरेशन्समधली कॅश घटतेय, विक्रीपेक्षा येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) जास्त वेगाने वाढतायत, तर का? याचं उत्तर रिपोर्टच्या मागच्या बाजूला नोट्समध्ये बारीक अक्षरात सापडतं आणि तिथे कोणी जात नाही.

असं केलंस की नेहमीच्या चुका तुझ्याही हातून होतील आणि त्या आत्ताच झालेल्या बऱ्या. एक म्हणजे अख्ख्या धंद्याची किंमत काढायची आणि कर्ज वजा न करताच शेअरच्या संख्येने भागायची. दुसरी, फक्त भागधारकांचा कॅश फ्लो घ्यायचा आणि डिस्काउंट मात्र कर्ज आणि भांडवल मिळून काढलेल्या सरासरी दराने करायचं. तिसरी टर्मिनल व्हॅल्यूची, म्हणजे अंदाजाची वर्षं संपल्यावरच्या सगळ्या पुढच्या काळाची जी एक किंमत धरतात तिची. पुढच्या वर्षीचा कॅश फ्लो १००, डिस्काउंट रेट १० टक्के, कायमची वाढ ३ टक्के धरली तर दहातून तीन गेले सात, म्हणून १०० भागिले ०.०७, म्हणजे साधारण १४२९. वाढ ५ टक्के केलीस तर २०००. एका सेलमध्ये ३ च्या जागी ५ टाइप केले आणि किंमत ४० टक्क्यांनी चढली, धंद्यात काडीचा फरक नाही! हे स्वतःच्या शीटमध्ये एकदा करून बघ, मग कुठल्याही टार्गेट प्राइसकडे (शेअर कुठवर जाईल म्हणून अॅनालिस्ट देतात त्या भावाकडे) तू आधीसारखा बघणार नाहीस.

तू यादीत जॉन हलचं ऑप्शन्सवालं (ठरलेल्या भावाला शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काचे करार) पुस्तकही लिहिलंयस, "गणित आवडतं म्हणून". पुस्तक उत्तम आहे पण ती वेगळी लाइन आहे. तिथे ब्लॅक-शोल्सपासून (ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र, १९७३ सालचं काम) पुढचं गणित लागतं, कोडिंग लागतं, आणि त्या टीममध्ये कोणी तुला बॅलन्स शीट वाचायला सांगणार नाही. बाँड आणि क्रेडिटची तिसरी लाइन, तिथे फ्रँक फबोझी या लेखकाची पुस्तकं चालतात आणि प्रश्न पण उलटा असतो, कंपनी किती वाढेल हा नाही तर पैसे परत देईल का हा. खाजगी कंपन्यांचं व्हॅल्युएशन करणाऱ्यांचं काम आणखी निराळं, कारण तिथे बाजारभावच नसतो. मला विचारशील तर तुझं पत्र वाचून तुला खरं आकर्षण गणिताचं आहे की धंद्यांचं हे मला नीट कळलं नाही. दोन महिने रिपोर्ट वाचून कंटाळा आला तर निमूट हल उघड, त्यात कमीपणा काही नाही.

परीक्षेचं. सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट) या परीक्षेच्या तीन लेव्हल असतात, शेवटच्या वर्षाला असताना पहिली देता येते. त्यातलं इक्विटी व्हॅल्युएशन खरं जड होतं ते दुसऱ्या लेव्हलला, तिथे आधी छोटा प्रसंग देतात आणि त्यावर प्रश्न. इंजिनिअरला पहिली लेव्हल दिल्याचा फायदा होतो कारण समोरच्याला कळतं की हा गंमत म्हणून आलेला नाही. पण नुसत्या परीक्षेवर नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही आणि नुसत्या पुस्तकांवर तर अजिबात नाही. अर्जासोबत दोन पानांची स्वतःची नोट जोड, कंपनी काय करते, पैसे कुठून येतात, तुझी किंमत किती, आणि तू कुठे चुकू शकतोस. हे शेवटचं लिहिणारी मुलं फार कमी असतात आणि वाचणारा तिथेच थांबतो.

कंपनी निवडताना बँक किंवा विमा घेऊ नकोस, त्यांच्यात कर्ज हाच कच्चा माल असतो त्यामुळे फ्री कॅश फ्लोची नेहमीची पद्धत तिथे बसत नाही, पहिल्याच फटक्यात गोंधळशील. दहा धंदे असलेला ग्रुपही नको. एकच वस्तू बनवणारी, थोडी कंटाळवाणी कंपनी शोध. शीट झाली की पाठव, फक्त गृहीतकं सगळी वेगळ्या पानावर ठेव, फॉर्म्युल्याच्या पोटात आकडे लपवलेस तर मी बघणार नाही.