मॉडेल विमानांच्या क्लबात नवीन माणसं कशी आणावीत आणि कशी टिकवावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याजवळ सात जणांचा क्लब, सगळे चाळिशीच्या पुढचे. प्रात्यक्षिकं केली की लोक जमतात, व्हिडिओ काढतात आणि घरी जातात. दोन वर्षांत आलेले तिघेही महिन्याभरात दिसेनासे झाले. काय करावं?

मी डिचोलीचा. कुंडईच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि चौदा वर्षं रविवारची सकाळ सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळी पठारावर, विमानं उडवण्यात घालवतो. एके काळी आम्ही पाच जण उरलो होतो, आज एकवीस आहोत. त्यांत सहा शाळकरी मुलं आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रात्यक्षिकं बंद करा. आम्हीही जत्रेच्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानात तासभर विमानं उडवली होती. लूप झाले, उलटं उडवून झालं, टाळ्या पडल्या. क्लबात मात्र एकही माणूस आला नाही. तुम्ही जितकं सफाईनं उडवाल तितकं बघणाऱ्याला वाटतं की हे आपल्या आवाक्यातलं नाही. त्याच दिवशी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "काका, म्हाका एकदां दी." मी म्हटलं, "हात लावू नको, महाग आहे." तो निमूट गेला. ते मला अजून खुपतं, कारण त्या गर्दीत आमचा होऊ शकणारा सभासद तोच एक होता.

माझं ठाम मत असं आहे: नवा माणूस आला की दहा मिनिटांच्या आत रिमोट त्याच्या हातात गेला पाहिजे. त्यासाठी ट्रेनर कॉर्ड लागते. दोन रिमोट जोडायचे, एक शिकवणाऱ्याकडे, एक शिकणाऱ्याकडे. शिकवणारा स्प्रिंगचं बटण दाबून धरतो तोवर विमान शिकणाऱ्याच्या ताब्यात असतं, बटण सोडलं की त्याच क्षणी आपल्याकडे येतं. नव्या रिमोटांत हे वायरशिवायही होतं. तुम्ही टेक-ऑफ करा, विमान दीडशे-दोनशे फुटांवर नेऊन सरळ करा आणि मग सांगा, "आता तुझं." एवढी उंची असली की त्याची चूक निस्तरायला वेळ मिळतो. विमान मात्र वर पंख असलेलं, हलकं फोमचं ट्रेनरच हवं. त्याचे पंख किंचित वर वळलेले असतात, त्यामुळे रिमोटची स्टिक सोडली की ते आपणहून सावरतं. तुमचं सगळ्यात देखणं विमान त्या दिवशी घरीच ठेवा.

विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि बहुतेक नवशिके तिथेच गोंधळतात. मी एकच सांगतो: जो पंख खाली झुकला असेल त्या बाजूला स्टिक ढकल, जणू खालून आधार देतोयस. हे सांगितल्यावर साठीच्या एका बाईंनी पहिल्याच सकाळी चार फेऱ्या मारल्या. त्या नातवाला सोडायला आल्या होत्या. आज त्या आमच्या सभासद आहेत, नातू क्रिकेटला जातो.

तुमचे तिघे का गेले, याचा माझा अंदाज असा. त्यांनी स्वतःचं विमान घेतलं, एकट्यानं उडवलं, पाडलं, तुकडे पिशवीत भरून घरी नेले आणि ती पिशवी आजही कपाटावर पडलेली असेल. आमच्याकडे अगदी हेच व्हायचं. आता आमचा नियम आहे की पडलेलं विमान त्याच सकाळी पुन्हा उडलं पाहिजे. डिकीत ग्लू गन, रुंद चिकटपट्टी, बांबूच्या काड्या, सहा-सात प्रोपेलर आणि दोन-तीन जादा सर्व्हो (पंखाच्या-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) असतात. नाक तुटलं तर वीस मिनिटांत जोडतो, दिसायला कसंही दिसो. ज्याचं पडलं त्यालाच जोडायला लावतो, आपण फक्त बाजूला बसायचं. त्या वीस मिनिटांत तो क्लबाचा होतो.

राइट बंधूंची गोष्ट मी मुलांना याच वेळी सांगतो. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी एक खेळणं आणलं होतं, बूच, बांबू आणि कागदाचं, रबराच्या पिळावर उडणारं. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा सात. खेळणं मोडलं, तेव्हा त्यांनी स्वतःच तसं दुसरं बनवलं.

खर्चाची भीती खरी असते, ती झटकून टाकू नका. मोटर, बॅटरी, चार्जर, रिमोट धरून पहिला संच दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो. हा आकडा ऐकला की बाप मुलाचा हात धरून स्कूटरकडे वळतो. म्हणून आम्ही वर्गणी काढून क्लबाचीच दोन ट्रेनर विमानं बांधली: फोमची शीट, तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी, ९ ग्रॅमचे सर्व्हो. पहिले तीन महिने नव्या माणसाकडून काहीच घेत नाही. प्रोपेलर मोडला तर तो त्यानं आणायचा, बस. तीन महिन्यांनी काय विकत घ्यायचं ते त्याचं त्यालाच नीट कळलेलं असतं.

माणसं शोधायची कुठे? आम्हाला सगळ्यात जास्त मुलं शाळांनी दिली, पण भाषणं देऊन नाही. शनिवारी दोन तास मागून घेतले, पाच मिलिमीटर जाडीच्या फोमचे पंख आधीच कापून नेले आणि प्रत्येकाला हातानं फेकायचं एक ग्लायडर बनवू दिलं. पहिल्या फेकीला सगळी ग्लायडरं नाक वर करून मागे कोसळतात. मग चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, मूर्तीची उरलेली चिकणमाती वाटायची आणि नाकाला चिमूटभर लावत जायला सांगायचं. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर आला की तेच ग्लायडर व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत जातं. तेव्हाचा मुलांचा आवाज ऐकायला तुम्ही तिथे असलं पाहिजे! फॉर्म वाटू नका. एवढंच सांगा, "रविवारी सात वाजता हेच ग्लायडर घेऊन सड्यावर या, आईबाबांनाही आणा." पहिल्या शाळेतून चाळीसपैकी नऊ जण आले, तीन टिकले. मुलींना वेगळं बोलावणं करा. नाहीतर हे मुलग्यांचं समजून त्या घरीच राहतात, आणि कापणं-चिकटवणं त्यांचंच जास्त नेटकं असतं.

दुसरी माणसं आपल्या गोव्यातच आहेत आणि आपल्याला दिसत नाहीत. तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे, चार-सहा महिने काम करून सुट्टीवर घरी येतात. यंत्रांची जाण असते, वेळ असतो, हातात थोडे पैसे असतात. वास्को-दाबोळीच्या बाजूला नौदलाच्या विमानांवर काम करून निवृत्त झालेले तंत्रज्ञ राहतात. त्यांना उडवायला नका बोलावू, इंजिन बघायला बोलावा, पुढचं आपोआप होतं. लग्नाचं शूटिंग करणारी ड्रोनवाली मुलंही आहेत. आमच्यातल्या जुन्या मंडळींना ड्रोन म्हणजे विमानच वाटत नाही, हा हट्ट सोडायला मला फार वाद घालावा लागला. त्या मुलांना बॅटरी, रेडिओ, सोल्डरिंग सगळं येतं. पंखाचं विमान एकदा हातात आलं की त्यांचे डोळे बघा.

वेळ आणि जागा पक्की ठेवा. सकाळी सात ते साडेनऊ. दुपारकडे समुद्राचा वारा जोर धरतो आणि नवशिक्याचं ट्रेनर मागे ढकलत नेतो. "या रविवारी बघू" असं चालू झालं की लांबून येणारा माणूस तुटतो. एकच उडवणारा आला तरी त्यानं थांबायचं. नंतर पातळभाजी-पाव खाऊनच पांगायचं, नवे लोक बोलते तिथेच होतात.

जागेच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. शेत असो की सडा, मालक किंवा कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) यांची लेखी परवानगी घ्या आणि पोलीस चौकीवर कळवून ठेवा. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आपल्याकडे आहेत, म्हणून आधी सरकारी एअरस्पेस नकाशा बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, भागाची उंचीची मर्यादा २०० फुटांची आहे, त्यापलीकडच्या हिरव्या भागात ४०० फुटांची. लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. विमान नजरेच्या टप्प्यात ठेवायचं. जमिनीवर चुन्याची रेघ मारा, उडवणारे पुढे, बघणारे मागे. मार्चमध्ये सड्यावरचं गवत वाळून कोरडंठाक होतं, पडलेल्या बॅटरीची एक ठिणगी पुरते, म्हणून वाळूची बादली जवळ हवीच. आईबाप पहिल्या दिवशी नेमकं हेच निरखत असतात.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर उडवणं बंद असतं, आणि निम्मी माणसं त्या चार महिन्यांतच हातची जातात. आम्ही पावसाळ्यात दर रविवारी कोणाच्या तरी बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसतो. लॅपटॉपवर सिम्युलेटर लावतो, मुलं त्यावर हजार वेळा विमान पाडतात, काही खर्च होत नाही. मोठे लोक बाजूला नवीन विमान बांधतात. बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवत नाही, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवतो, नाहीतर चार महिन्यांनी फुगलेल्या निघतात. वसंतात आलेल्या नव्या माणसाचं स्वतःचं विमान चवथीपर्यंत रंगवून तयार होतं आणि मग तोच विचारू लागतो, भात कापून शेत उडवायला कधी मोकळं होणार?

म्हणून तुम्ही आत्ताच मोठं काही काढू नका. सात जणांत मिळून एक ट्रेनर विमान बांधा, ट्रेनर कॉर्ड घ्या आणि निघून गेलेल्या तिघांपैकी एकाला फोन करा. त्याला म्हणावं, कपाटावरची ती पिशवी घेऊन रविवारी ये, आपण जोडू.