मेनूकार्ड जाड झालं की समजायचं

प्रश्न : ताई, आमच्या घराजवळ मिसळीचं एक जुनं हॉटेल आहे, नाव नाही सांगत, मालक ओळखीचे आहेत. लहानपणी रविवारी बाबा किटली देऊन रस्सा आणायला पाठवायचे, साडेदहाला मिसळ संपली की शटर अर्धं खाली. आता मुलगा बघतो, एसी बसवलाय, रात्री अकरापर्यंत चालू असतं, पण मिसळ नुसती तिखट लागते, चव अशी नाहीच. बायको म्हणते हॉटेल तेच आहे, तुमचीच जीभ म्हातारी झाली. खरं कोणाचं? – एक वाचक, पुणे

उत्तर : वहिनींचं थोडं खरं आहे, पण थोडंच हं. मी मामाच्या खानावळीत सुट्टीत गल्ल्यावर बसायचे, त्यावरून सांगते. साडेदहाला संपायची म्हणजे मटकी मोजून भिजवलेली, कांदा-खोबऱ्याचं वाटण पहाटेचं, उरायचं काहीच नाही. आता तेच पातेलं अकरापर्यंत गॅसवर, आटलं की पाणी, पाणी झालं की तिखटाची पूड, वरची तर्री दुपारच्या गिऱ्हाइकांनीच नेलेली, मग रात्री तुम्हाला मिळणार काय?

दुसरं, मेनूकार्ड किती पानांचं झालंय ते बघा. पंजाबी-चायनीज आलं की किचनमध्ये लाल आणि पांढरी अशा ग्रेव्ह्या सकाळीच करून फ्रीजमध्ये जातात, त्यातूनच पनीर, कोफ्ता, कोल्हापुरी सगळं निघतं, आणि मिसळीचा आचारी तंदूरच्या ऑर्डरी सांभाळत बसतो. वाटण मग हेल्पर करतो. मुलाला मी पूर्ण दोष नाही देणार, कारण एसीचं बिल, सिलेंडर, डिलिव्हरी ॲपचं कमिशन हे सगळं नुसत्या सकाळच्या मिसळीवर निघत नाही हो.

एक करा. मधल्या वारी, हॉटेल उघडल्या उघडल्या जा, फक्त मिसळ मागवा आणि रस्सा वेगळ्या वाटीत घ्या. तो चांगला लागला तर आचारी अजून आहे, बिघडतंय ते दिवसभरात. पहिल्या धारेचाच फिका असेल तर हात बदललाय, मग बोलण्यात अर्थ नाही.

बोलायचंच तर गल्ल्यावर चारचौघांत "पूर्वीसारखं राहिलं नाही" असं नका म्हणू, ते मालक रोज ऐकतो आणि मान हलवून सुट्टे पैसे देतो. नेमकं बोला. मामाकडे एक आजोबा यायचे, एकदा हात धुताना एवढंच म्हणाले, "खोबरं घाईत भाजलंय का रे आज?" मामा आत गेला, परात बघितली, एका बाजूने काळं झालेलं. दुसऱ्या दिवसापासून खोबरं तो स्वतः भाजायचा.

प्रश्न : इराणी हॉटेलं पण अशीच चवीमुळे गेली का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, त्यांचं दुखणं वेगळं. चहा-बनमस्का बऱ्याच ठिकाणी शेवटपर्यंत चांगलाच होता. पण कोपऱ्यावरची मोक्याची जागा, एका हॉटेलात दोन-तीन पार्टनर, पुढची पिढी शिकून परदेशात, आणि एका चहावर तासभर पेपर वाचत बसणारे आपण, ह्यात जागेच्या भावापुढे बनमस्का किती टिकणार? पुण्यात डेक्कनवरचं लकी गेलं, 1935 चं गुडलक आहे, रविवारी सकाळी टेबलासाठी उभं राहावं लागतं. मुंबईत धोबी तलावचं कयानी 1904 चं. ग्रँट रोडच्या मेरवानची गंमत माहितीये ना, 1914 चं हॉटेल, 2014 मध्ये बंद होणार म्हणून बातमी आली तर मावा केकसाठी ही गर्दी, नंतर काही दिवसांनी ते परत उघडलं. त्या गर्दीतल्या किती जणांनी आधीच्या वर्षात तिथे एक तरी चहा घेतला होता, हे मला अजून विचारायचंय. माझ्या नवऱ्यापासून सुरुवात करेन, तोही होता रांगेत.