दुसऱ्याची लायब्ररी, आपला प्रकल्प

प्रश्न: काल चाललेलं जावास्क्रिप्टचं बिल्ड (कोड आणि लायब्ररी जोडून प्रोग्रॅम तयार करणं) आज मोडलं. कोडला कुणी हातही लावला नव्हता. लॉक फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेवावी का?

ठेवाच. प्रकल्पाला लागणाऱ्या लायब्ररींची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची, यादी पॅकेज डॉट जेसन या फाइलमध्ये असते. तिथे १.४.२ च्या आधी कॅरेटचं चिन्ह (^) असलं, तर १.९.० सुद्धा चालते. रात्रीतून कुणी नवी आवृत्ती काढली असेल, ती तुमच्याकडे येऊन पडली. लॉक फाइल नेमकी आवृत्ती आणि तिचा हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) धरून ठेवते. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या लायब्ररींचं भांडार आणि त्या आणणारं साधन; सर्व्हरवर त्याची ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा चालवा; दोन्ही फाइल्स जुळल्या नाहीत तर ते तिथेच थांबतं. तुम्ही स्वतः लायब्ररी प्रसिद्ध करत असाल, तर तुमची लॉक फाइल वापरणाऱ्यांपर्यंत पोचत नाही. तिथे आवृत्त्यांची मर्यादा सैल ठेवा, नाहीतर त्यांच्याकडे एकाच लायब्ररीच्या दोन-दोन प्रती जमतात.

प्रश्न: दहा-बारा ओळींच्या कामासाठी लायब्ररी घ्यावी का?

नको. मजकुराच्या डावीकडे जागा भरणारं ‘लेफ्ट-पॅड’ अवघ्या ११ ओळींचं होतं. मार्च २०१६ मध्ये लेखकाने ते एनपीएमवरून काढलं आणि बॅबेलवर (नवं जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणारं साधन) चालणारी असंख्य बिल्ड्स अडली. असं काम स्वतः लिहा, सोबत टेस्टही. क्रिप्टोग्राफी आणि टाइमझोन मात्र घरी करू नका.

प्रश्न: नवी आवृत्ती आली की लगेच घ्यावी, की थांबावं?

सुरक्षेची दुरुस्ती असेल तर त्याच दिवशी घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली, तेव्हा आपल्याकडे ती लायब्ररी आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं. ती दुसऱ्या लायब्ररीच्या पोटातून आली होती. म्हणून अवलंबनांचं, म्हणजे कोणती लायब्ररी कुणावर टेकली आहे याचं, अख्खं झाड अधूनमधून छापून बघा.

बाकी आवृत्त्यांना मी आठवडाभर थांबते. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला होता. एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याची सुरक्षित पद्धत) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने चिकाटीने शोधलं म्हणून तो सापडला. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्थिर आवृत्तीत त्या पोचल्याच नव्हत्या.

मनाला जास्त लागतं ते त्यामागचं. एक्सझेडचा भार वर्षानुवर्षं जवळजवळ एकाच माणसावर होता. तो थकलेला असताना ‘मदतनीस’ आला, दोनेक वर्षं खपून त्याने विश्वास मिळवला आणि मग घात केला. म्हणून लायब्ररी निवडताना गिटहबवर तिला लोकांनी दिलेले तारे मोजू नका. गेल्या वर्षभरात कोड कोण तपासतंय, ते बघा. सगळं एकट्यावर असेल आणि तुमचं तिच्यावाचून अडत असेल, तर महिन्यातून एक बग तुम्ही सोडवा.

प्रश्न: आमचा प्रकल्प फक्त जीपीएल २ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. अपाचे २.० परवान्याची लायब्ररी जोडता येईल का?

नाही, जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते या दोन परवान्यांच्या अटी जुळत नाहीत. अपाचेच्या अटी जीपीएल ३ शी जुळतात. परवाना बदलायचा, तर आजवर कोड दिलेल्या सर्वांची संमती लागेल; आधी एमआयटी या सैल परवान्याची पर्यायी लायब्ररी शोधा.