मी बारीक आहे, तरी शुगर कशी? आणि डॉक्टर म्हणतात ती ‘अंगातली सूज’ म्हणजे काय?

तुमची उंची पाच फूट सात इंच, वजन 62 किलो, पोट तेवढं थोडं सुटलंय, आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी, 6.9 टक्के आली. डॉक्टर म्हणाले, अंगात बारीक सूज आहे. घरचे म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी झाली, चूर्ण सुरू कर.

चूर्णाची घाई करू नका. तुमची प्रतिकारशक्ती कमी झालीय असं या आकड्यावरून म्हणता येत नाही. अशा मधुमेहात बहुधा उलटंच घडत असतं, ती गरज नसताना जागी राहते. डॉक्टर म्हणतात ती बारीक सूज हीच.

मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. या विषयाची सुरुवात मी नेहमी गोखान होतामिश्लिगिल या मूळच्या तुर्की शास्त्रज्ञापासून करते. टीएनएफ नावाचं प्रथिन आपल्या संरक्षक पेशी संसर्गात सोडतात. मोठ्या आजारात माणूस झडत जातो त्यामागेही तेच, म्हणून त्याला कॅकेक्टिन असंही नाव पडलं होतं. 1993 साली हार्वर्डमध्ये होतामिश्लिगिल आणि त्यांचे मार्गदर्शक ब्रूस स्पीगलमन यांना हेच प्रथिन लठ्ठ, मधुमेही उंदरांच्या चरबीत भरपूर सापडलं. अंग झडवणारं प्रथिन, आणि सापडलं कुठे, तर लठ्ठ प्राण्याच्या चरबीत! त्यांनी ते निष्प्रभ केलं, तर इन्सुलिनचा परिणाम सुधारला. इतकी वर्षं शिकवूनही हा प्रयोग सांगताना माझा आवाज चढतो.

होतं असं की इन्सुलिन पेशीच्या दारावर थाप मारतं, पण निरोप आत नेणाऱ्या प्रथिनावर टीएनएफमुळे भलत्याच जागी फॉस्फेट बसतो आणि निरोप उंबऱ्यातच अडतो. साखर रक्तात राहते. तापात शुगर वाढते हे मधुमेह असलेल्या घरांना पाठ असतं. त्यातही या सूज आणणाऱ्या प्रथिनांचा हात असतो. फरक एवढाच की ताप चार दिवसांत उतरतो, ही धग वर्षानुवर्षं राहते.

चरबीचा आणि लढाईचा संबंध का असावा? होतामिश्लिगिल यासाठी पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटांकडे बोट दाखवतात. चिलटाच्या अंगात चरबी साठवणं, आपल्या यकृताची बरीचशी कामं आणि जंतूंशी लढणं हे सगळं एकच अवयव करतो. आपल्यात ही कामं वेगळी झाली, पण त्यांची बोलीभाषा एकच राहिली.

हे डोळ्यांनी बघायचं तर सूक्ष्मदर्शकाखाली. निरोगी चरबी साबणाच्या फेसासारखी दिसते, गोल गोल बुडबुडे एकमेकांना चिकटलेले. लठ्ठ माणसाच्या चरबीत मधेच एखादी पेशी फुगून मेलेली असते आणि गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तशा तिच्याभोवती मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, कडं करून बसलेल्या. 2003 मध्ये झालेल्या मोजणीत सडपातळ शरीराच्या चरबीत या पेशी 10 टक्क्यांहून कमी निघाल्या, लठ्ठ माणसांत 40 टक्क्यांच्या आसपास.

आता तुमचा खरा प्रश्न, की मी तर बारीक. याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2! याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपली बाळं हाडापेरानं आणि स्नायूंनी लहान, पण चरबी त्या मानानं राखून असलेली. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही.

म्हणून टेप घ्या आणि कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 ही मर्यादा धरतात. टीएनएफ रोखणारं इंजेक्शन मिळेल का, असं विद्यार्थी दरवर्षी विचारतात. मधुमेही माणसांवर तसं करून पाहिलं होतं, पण उंदरांसारखा गुण आला नाही. या धगीत टीएनएफ एकटं नसतं.

डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नका, आणि जेवण झालं की बसू नका, पंधरा-वीस मिनिटं चाला. चालताना मांडीचे स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची वाट न बघताही साखर आत ओढून घेतात.