लेफ्ट म्हणजे कुणाचा डावा?

प्रश्न : आम्ही नववीच्या मुली स्नेहसंमेलनासाठी स्वतः एकांकिका लिहून बसवतो आहोत. सर म्हणतात, 'डाऊन लेफ्टला ये', 'क्यू सोडू नको', 'नेपथ्य कमी करा'. निम्म्या मुली भलतीकडेच जातात. हे शब्द कसे लक्षात ठेवायचे?
– एक विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : बेटा, नाटक तुम्हीच लिहिताय हे वाचून फार आनंद झाला.

'लेफ्ट' म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचा डावा हात. सर तालमीत समोर बसतात, त्यामुळे त्यांच्या उजवीकडे ते तुमचं लेफ्ट. गोंधळ इथंच होतो. 'डाऊन' म्हणजे प्रेक्षकांजवळ, 'अप' म्हणजे मागच्या पडद्याकडे. युरोपातल्या जुन्या रंगमंचांना मागून पुढे उतार असायचा, त्यावरून हे शब्द आले. वर्गातली बाकं सरकवा, फरशीवर खडूनं नऊ चौकोन आखा. एकीनं ओरडायचं, 'अप राइट!', 'डाऊन सेंटर!' बाकीच्यांनी पळायचं. दोन दिवसांत पायांना पाठ होतं.

क्यूबद्दल मात्र नीट सांगते. ज्या वाक्यावर किंवा कृतीवर पुढच्यानं आपलं काम सुरू करायचं, तो क्यू. कॉलेजात असताना एका स्पर्धेत मी लाइटचे क्यू देत होते. 'येतो मग मी' या वाक्यावर ब्लॅकआउट, म्हणजे रंगमंचावरचे सगळे दिवे बंद, होता. तेच वाक्य नाटकात आधीही एकदा येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी पहिल्याच वेळी इशारा दिला. आईचं काम करणारी मुलगी चहाचा कप हातात घेऊन काळोखात उभी. तिचं स्वगत, म्हणजे मनातलं स्वतःशीच बोलणं, तिथूनच सुरू व्हायचं होतं. तिनं ते अंधारातच सुरू केलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हापासून संहितेत क्यूच्या वाक्याखाली लाल रेघ मारते आणि चार ओळी आधी समासात 'तयार' लिहिते. तुम्ही तर लेखिकाच आहात. क्यूचं वाक्य नाटकात दुसरीकडे येऊच देऊ नका.

संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' अशी सूचना असते, तिथं पडद्यामागची जागा अभिप्रेत असते. आज मराठीत नेपथ्य म्हणजे रंगमंचावरची मांडणी. सरांचं बरोबर आहे. एक खाट आणि एक माठ ठेवला की आपला उन्हाळा उभा राहतो. नट हातात घेतो ती प्रॉपर्टी : पेला, पत्र, छत्री. ती एकीनंच सांभाळायची.

राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्रावरची नाटकं अनेकदा लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात होतात. तुमच्यापासून जवळच आहे, सगळ्या मिळून जा. ब्लॅकआउट झाला की मनात आकडे मोज आणि खाट कोण, कुठल्या विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या कुठल्या बाजूच्या आडोशातून, उचलून नेतं ते बघ.